बी पॉझिटिव्हची सोयरीक

बारामती–इंदापूर गाडीत त्या गुरुवारी सकाळी माणसं दांड्याला लोंबकळत उभी होती आणि दिपालीच्या शेजारच्या सीटवर एक लाल झाकणाचा बर्फाचा डबा ऐटीत बसला होता.

"ताई, तेवढा डबा खाली ठेवता का?"

दिपालीनं वर पाहिलं. पांढरा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, काखेत पेपर.

"खाली इंजिनाची धग लागते. आतलं गरम होईल."

"काय आहे आत? ताक?"

"आत्ता औषधाच्या बाटल्या. संध्याकाळी परत येताना रक्त असतं."

तो दचकून अर्धं पाऊल मागे सरला. मागे जागा नव्हती, त्यामुळे ते पाऊल एका आजीबाईंच्या पायावर पडलं. आजीबाईंनी त्याच्या घराण्याचा जो उद्धार सुरू केला, तो ऐकवेना, म्हणून दिपालीनं डबा मांडीवर घेतला आणि खिडकीकडे सरकली.

"बसा. पण हलू नका."

तो बसला. हलला नाही. पण पेपर उघडला, तेव्हा निम्मा पेपर दिपालीच्या नाकासमोर आला. आणि त्यानं मोठ्यानं वाचलं, "‘आता मेलेली माणसे परत येणार!’"

दिपालीचा स्वभाव अबोल होता. सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन ती बी.एस्सी. झाली होती, वर लॅबचा डिप्लोमा केला होता, आणि बारामतीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये दिवसभर सूक्ष्मदर्शकाशीच तिचा संवाद चाले. गुरुवारी निमगाव केतकीच्या एका दवाखान्यात ती नमुने घ्यायला जायची. गाडीत अनोळखी माणसाशी ती कधी बोलत नसे. पण चुकीचं वाक्य कानावर पडलं की तिला गप्प बसवत नसे.

"तसं कुठंही लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

"हे काय, मोठ्या अक्षरात—"

"मोठ्या अक्षरात आहे. लहान अक्षरात वाचा."

त्यानं लहान अक्षरात वाचलं. स्कॉटलंडात मेंढीच्या कासेतली एक पेशी घेऊन तिच्यापासून अख्खी मेंढी केली होती. तिचं नाव डॉली.

"हुबेहूब मेंढी! तुम्हाला आश्चर्य वाटत नाही?"

"वाटतं. म्हणूनच शंका येते. शेकडो प्रयत्नांतून ही एक. दुसऱ्या कुणी अजून करून दाखवलेली नाही. आणि बाकीच्यांचं काय झालं, ते लहान अक्षरातसुद्धा नाही."

"बाकीच्या कोण?"

"ज्या जगल्या नाहीत त्या. आणि ज्यांच्या पोटात त्या वाढवायला ठेवल्या, त्या मेंढ्या."

त्यानं पेपर हळूच खाली केला. बहुधा पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं... दिपाली खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर ऊस होता आणि ऊसच होता, तरी तिनं तो बारकाईनं पाहिला.

"मी निमगावच्या शाळेत शिकवतो," तो म्हणाला. "रोज सकाळी फळ्यावर बातमी लिहायची जबाबदारी माझी. आज ‘मेलेली माणसे परत येणार’ असं लिहिणार होतो."

"लिहा की. फक्त कोणत्या गाडीनं येणार तेही लिहा. मुलं आणायला जातील."

तो इतक्या जोरात हसला की कंडक्टरनं वळून पाहिलं.

त्याचं नाव नागेश. गाव निरवांगी. घरची पंधरा-वीस मेंढरं होती. वडील, तात्याबा, शेती करत होते, पण मेंढरं सोडायला तयार नव्हते.

पुढच्या गुरुवारी तो त्याच गाडीत होता. त्याच्या पुढच्याही. दिपालीला हे चमत्कारिक वाटलं. ज्याचं घर निरवांगीला आणि शाळा निमगावला, तो दर गुरुवारी सकाळी बारामतीहून कसा काय येतो? पहिल्यांदा तो म्हणाला, खडू आणायला आलो होतो. दुसऱ्यांदा दाढ दुखत होती. तिसऱ्यांदा पुन्हा दाढ.

"मागच्या वेळी उजवी होती," दिपाली म्हणाली.

"...पसरली."

तेवढ्यात कंडक्टर तिकीट फाडत म्हणाला, "काय गुर्जी, पहाटंच्या गाडीनं बारामतीला यायचं आन् ह्याच गाडीनं म्हागारी जायचं? स्टँडावरचा च्या लई ग्वाड लागतोय वाटतं!"

नागेशनं पेपरात तोंड घातलं. पेपर उलटा होता. दिपालीनं तो त्याच्या हातातून काढून घेतला, सुलट केला आणि परत दिला. लासुर्णे गाव मागं पडेपर्यंत तिच्या ओठांच्या कोपऱ्यातलं हसू काही जाईना.

मग दर गुरुवारी पेपर दोघांच्या मधे असे. एकदा नागेशनं डुकराचं हृदय माणसाला बसवण्याची बातमी काढली.

"माणसानं संमतीच्या कागदावर सही केली असेल," दिपाली म्हणाली. "डुकराची सही कुठाय?"

"डुकराला सही येत नाही हो."

"आपल्याकडे पुष्कळ पेशंटनाही येत नाही. अंगठा घेतात आणि ऑपरेशनला नेतात. त्यांना काय सांगितलं, काय कळलं... पेपरवाले ते कधी विचारत नाहीत."

नागेशनं पेपराची घडी घातली. मग म्हणाला, "वर्गात मुलांनी विचारलं, माणसाची डॉली केली तर सातबाऱ्यावर नाव कुणाचं?"

"हुशार आहेत मुलं."

"आणि आबांना सांगितली मी डॉली. माहितीये काय म्हणाले? ‘त्या साहेबाला इचार, दोन मेंढरं येगळी वळखू येत्यात का तुला? ज्याला समदीच मेंढरं सारकी दिसत्यात, त्यानं हुबेहूब म्हनल्यालं मी कशापाय मानू?’"

दिपालीनं मान वळवून पाहिलं. "हे तुमचे वडील म्हणाले?"

"हो."

"मला त्यांना भेटायचंय."

"...मी त्याचीच वाट बघत होतो," नागेश म्हणाला, आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

एप्रिलमध्ये एका गुरुवारी तो निमगावच्या दवाखान्यात येऊन रांगेत बसला. म्हणाला, शाळेच्या ओळखपत्रावर रक्तगट लिहायचाय. दिपालीनं त्याचा हात धरला, बोटाला स्पिरिटचा बोळा लावला. त्यानं घट्ट डोळे मिटले.

"झालं?"

"अजून टोचलं नाही."

"मग नुसता हात का धरलाय?"

"स्पिरिट वाळायला हवं."

पंखा वर कुरकुरत होता. बाहेर बाजाराचा गलका. दोघं स्पिरिट वाळण्याची वाट बघत होती.

"अजून वाळलं नाही?" त्यानं एक डोळा उघडून विचारलं.

"...वाळलं," दिपाली म्हणाली आणि घाईघाईनं सुई टोचली.

तिनं काचपट्टीवर रक्ताचे तीन थेंब घेतले, त्यांत सीरम मिसळलं. बी ओळखणाऱ्या पिवळ्या आणि पॉझिटिव्ह ओळखणाऱ्या बिनरंगी सीरममधलं रक्त नासलेल्या दुधासारखं गोळा झालं.

"बी पॉझिटिव्ह."

"तुमचा कुठला?"

"तोच."

"बघा!"

"काय बघा? आपल्याकडे तिघांतल्या एकाचा तोच असतो."

पण हात अजून तिनं सोडला नव्हता. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा रांगेतल्या दोन बायका मन लावून बघत होत्या.

त्यानंतर गोष्टी रीतीनं झाल्या. तात्याबा मुलाला आणि बायकोला घेऊन बारामतीला आले. कुळ वेगळं निघालं, देवक वेगळं निघालं. एक देवक म्हणजे भाऊ-बहीण, तिथं सोयरीक होत नाही. पण इथं तशी काही अडचण नव्हती. दिपालीच्या आईनं पोहे दिले, चहा दिला. तात्याबांनी दिपालीला एकच प्रश्न विचारला, "मेंढराचं रगात तपासती का गं?" ती "नाही" म्हणाली, तेही त्यांना आवडलं, कारण थाप मारली नाही. तारीख धरायची बोलणी निघाली आणि... आनंदाच्या भरात नागेशनं तोंड उघडलं.

"आबा, आमचा रक्तगटसुद्धा एकच आहे!"

तात्याबांची बशी ओठांपाशी थांबली.

"येक?"

"हो! दोघांचाही बी!"

बशी खाली आली. "आरं, परवा पारावर पेपर वाचत व्हते. येकाच रगताच्या नवराबायकुला पोरं अधू व्हत्यात. छापून आल्यालं हाय. रगतगट म्हंजे डाक्टरांचं देवकच की! येक रगात म्हंजे ही तर भन झाली तुजी!"

"मामा, तसं नसतं," दिपाली म्हणाली. "गट एक असला म्हणून काही बिघडत नाही. आईचं रक्त निगेटिव्ह आणि वडलांचं पॉझिटिव्ह असेल तर काळजी घ्यावी लागते, त्यालाही इंजेक्शन आहे. त्या लेखात कुणीतरी भलतंच जोडलंय—"

"मंग छापलं कसं?"

डॉलीवर विश्वास न ठेवणारा माणूस ह्या बातमीवर मात्र घोंगडी पसरून बसला. ती बातमी त्यांच्या ओळखीची होती; देवकाच्या गोष्टीसारखी दिसत होती ना! पाहुणे उठले. चहा तसाच राहिला.

पुढच्या गुरुवारी नागेशच्या मांडीवर पेपर नव्हता.

"एक अक्षर," तो हळू आवाजात म्हणाला. "एका कागदावर एक अक्षर बदलायचं. बीच्या जागी ए. माझा रिपोर्ट नव्यानं लिहून द्या. आबा मानतील, लग्न होईल, कुणाचं काही जाणार नाही."

दिपालीनं मांडीवरचा डबा सारखा केला. तिलाही हे सुचलं नव्हतं असं नाही. रात्रभर सुचत होतं. ह्या माणसाशिवायचे गुरुवार तिनं मनात मांडून पाहिले होते. सगळे नुसत्या उसाचे.

"आणि तुम्हाला अपघात झाला तर?" ती म्हणाली. "तो कागद खिशात सापडला, कुणी घाईत त्यावर विसंबलं तर? माझ्या हातचं अक्षर तुमच्या अंगात जाईल. मला नाही जमणार, नागेश."

‘नागेशराव’ नाही, ‘अहो गुरुजी’ नाही. नुसतं नागेश. त्यानं खाली पाहिलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "मग करायचं काय?"

"तपासायचं. तुमच्या गावात जोडपी किती आहेत? त्यांतल्या बऱ्याच जणांचा गट एकच निघेल. त्यांची पोरं गावात फिरतायतच."

"वा! मग पोरांचेही गट तपासू, पुरावा पक्का होईल!"

"पोरांचे अजिबात नाही."

"का?"

"आईचा एक, बापाचा एक, आणि पोराचा भलताच निघाला तर?"

नागेशला कळायला जंक्शनचा थांबा यावा लागला. "अरे बापरे."

"हं. एका लग्नासाठी मी चार लग्नं मोडणार नाही."

रविवारी निरवांगीत बिरोबाच्या देवळासमोर टेबल मांडलं. लॅबच्या डॉक्टरांनी परवानगी दिली होती. दिपालीनं आधीच मोठ्यानं सांगितलं: ज्याला वाटेल त्यानंच यायचं, ज्याचा निकाल त्याच्याच कानात सांगणार, त्यानं तो चारचौघांत सांगायचा की नाही हे त्याचं त्यानं ठरवायचं.

कानात सांगण्याची सोय गावाला पसंत पडली नाही. जो तो निकाल ऐकून देवळाच्या पायरीवरूनच ओरडायचा. "माजा ए हाय रं!" "ए म्हंजे पयला नंबर!"

तात्याबा लिंबाखाली पाठ करून बसले होते. त्यांची बायको सारजाबाई मात्र पदर खोचून पुढं आल्या. "बघ गं माजं. उगं चिमटा काढल्यावानी तर हाय."

सारजाबाईंचा बी निघाला. त्यांनी तो लगेच नवऱ्याला ऐकवला. आता सगळं गाव तात्याबांकडे बघू लागलं. ते उठले, आले आणि सवयीनं अंगठा पुढं केला.

"मामा, थांबा," दिपाली म्हणाली. "आधी ऐका. तुमचाही बी आला तर माझं खरं ठरेल असं नाही, आणि दुसरा आला तर तुमचं खरं ठरेल असंही नाही. हे कळूनच हात पुढं करा. नको असेल तर राहू दे."

तात्याबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "अंगठा घेताना आजपतुर कुनी येवढं सांगितलं न्हवतं," ते पुटपुटले. "टोच."

निकाल आला ओ.

"ऐकलं का रं!" तात्याबा गरजले. "रगात येगळं! म्हनून आमचा सौंसार टिकला!"

"त्येनं टिकला व्हय?" सारजाबाई म्हणाल्या. "बरं झालं सांगितलं. मी आपली समजत व्हते, मी गप बसती म्हनून टिकला."

नागेशचा चेहरा पडला. दिपालीनं पुढची काचपट्टी पुसली. ती तिनं टेबलावर मांडली.

पुढं आल्या प्रयागबाई, तात्याबांची धाकटी बहीण. लग्न गावातच झालेलं. मागोमाग नवरा बिरदेव, आणि त्यांचे तीन मुलगे. त्यांतला मधला यात्रेच्या कुस्त्यांत नाव काढलेला, दार भरेल असा. बहिणीची ही सोयरीक खुद्द तात्याबांनी जुळवली होती आणि भाच्यांचं कौतुक ते मेंढरांनासुद्धा ऐकवत.

दिपाली आधी प्रयागबाईंच्या कानात बोलली, मग बिरदेवांच्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग प्रयागबाई पायरीवर चढल्या.

"माजा बी!" त्यांनी जाहीर केलं. "आन् ह्येंचाबी बी!"

तात्याबा भाच्यांकडे बघू लागले.

"मंग दादा," प्रयागबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आमी भाऊ-भन झालो म्हन की. म्हंजे माजं लगीनच झालं न्हाय. आता मी बिनलग्नाची. चल, बोचकं बांधते, म्हायेरी येते. बिनलग्नाच्या लेकीला आता कायद्यानं जमिनीत वाटा हाय, ठाऊक हाय न्हवं? हिरीजवळचं रान मला दे. मला तितं वांगी लावायची हायती."

"प्रयागे, आगं..."

"आन् ही तीन पोरं अधू हायती म्हनं. ह्येला उचलून घरी न्हे आता, चालता येत न्हाय त्येला!"

मधला पैलवान लाजून आपल्या पायांकडे बघू लागला. गाव हसून हसून लोळायचं बाकी होतं. तात्याबांनी पटका काढला, डोकं खाजवलं, पटका परत घातला.

"पेपरवाले," ते शेवटी म्हणाले, "काय बी छापत्यात."

टाळ्या पडल्या. नागेश टेबलाकडे धावला. आणि नेमकी तेव्हाच दिपाली उभी राहिली.

"मामा, एक सांगायचंय. आत्यांच्या एकट्यांच्या संसारावरून काही सिद्ध होत नाही."

"दिपाली!" नागेश कळवळला. "आता नको ना!"

"एका मेंढीवरून नाही, तसं एका जोडप्यावरूनही नाही. आज अशी बरीच जोडपी निघाली, पण एका गावावरूनही मी छातीठोक बोलणार नाही. डॉक्टर लोकांनी खूप माणसांवर हे पाहिलंय, म्हणून मी म्हणते. जमिनीच्या भीतीनं तुम्ही ‘हो’ म्हणू नका. पटलं तर म्हणा."

तात्याबा तिच्यासमोर येऊन उभे राहिले. चेहरा गंभीर झाला होता.

"पोरी, येक इचारतो. नाग्याच्या रगताच्या कागदावर तू दुसरं अक्षर लिवलं असतंस, तर मला काय कळलं असतं?"

"नाही, मामा."

"मंग का न्हाय लिवलं?"

"ह्यांना कधी रक्त चढवायची वेळ आली असती, तर चुकीचं चढलं असतं."

"लगीन मोडलं असतं तरी?"

दिपालीचा आवाज जरा खाली गेला. "...तरी."

तात्याबांनी मुलाकडे पाहिलं. मुलाची मान खाली गेली होती. मेंढरांत जन्म गेलेल्या माणसाला मान वाचता येते. ते काय समजायचं ते समजले.

"नाग्या," ते म्हणाले, "तुज्या जिवाला तुज्यापेक्षा ही जास्त जपती. तारीख मीच धरतो. तू तोंड उघडू नगंस, मागच्या येळंला उघडलं व्हतंस."

मग गुळाची भेली फुटली, तुकडे हातोहात फिरले. माणसं पांगली, म्हणजे निदान पांगल्यासारखी झाली. दिपाली काचपट्ट्या आवरत होती. नागेश शेजारी येऊन उभा राहिला.

"सगळ्यांना सगळं सांगितलंस," तो म्हणाला. पहिल्यांदाच एकेरीवर आला होता. "मला मात्र एक गोष्ट अजून सांगितली नाहीस."

"कोणती?"

"तुला मी..." त्यानं टेबलावरचा बोळा उचलला, परत ठेवला. "आवडतो का?"

दिपालीनं काचपट्टी उजेडात धरली. ती स्वच्छ होती. तरी पुन्हा पुसली.

"आवडतोस," ती म्हणाली.

"का?"

ती विचार करू लागली. नेहमीसारखा, नीट, शांतपणे. तिच्या कपाळावर एक बारीक आठी आली. नागेश श्वास धरून उभा होता. हळूहळू ती आठी विरली आणि तिथं नवलच उमटलं.

"माहीत नाही," दिपाली म्हणाली. "खरंच... मला माहीतच नाही."

तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की देवळासमोर टाचणी पडली तरी ऐकू येईल एवढी शांतता आहे. लिंबाखाली, पायरीवर, खांबाआड, सगळं निरवांगी कान देऊन उभं होतं.

"काय म्हनली गं?" मागून सारजाबाईंनी विचारलं.

"आवडतोय म्हनली," प्रयागबाईंनी सांगितलं. "कशापाय ते ठावं न्हाय म्हनली."

सारजाबाईंनी तोंडात गुळाचा खडा टाकला आणि लिंबाखाली पटका सारखा करत बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मला तरी कुठं कळलंय अजून," त्या म्हणाल्या.